एलईडी ट्यूब दोन वर्षांत का बंद पडतात, आणि उरलेल्या बदलण्यासाठी थांबावे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कार्यशाळा आणि तिला लागून असलेले कार्यालय मिळून सहाशे फ्लुरोसंट ट्यूब होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांतल्या शंभर काढून त्याच जुन्या पट्ट्यांवर एलईडी ट्यूब बसवल्या. डब्यावर आयुष्य ५०,००० तास असे छापलेले होते. आजवर त्यांतल्या अठ्ठावीस बंद पडल्या, काही लुकलुकतात, आणि एका भागात सकाळी दिवे लावताना एमसीबी (जादा प्रवाह आला की सर्किट आपोआप तोडणारा स्विच) पडतो. विक्रेता म्हणतो की आता माल पुष्कळ सुधारला आहे, सहकारी म्हणतात की भाव अजून उतरतील, तोवर थांबू. उरलेल्या पाचशेंचे काय करावे, असे आपण विचारले आहे.

प्रकाशयोजनेच्या कामात मला वीस वर्षांहून अधिक काळ झाला. सुरुवातीची वर्षे चोक आणि स्टार्टर बदलण्यात गेली, नंतरची एलईडी बसवण्यात आणि बंद पडलेले एलईडी उघडून पाहण्यात. त्या अनुभवावरून सांगतो की थांबावे की घ्यावे हा आपल्यापुढचा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा की त्या अठ्ठावीस ट्यूब कशाने गेल्या. त्याचे उत्तर न शोधता पाचशे नव्या ट्यूब आणणे म्हणजे साप सोडून भुई धोपटणे होईल, मग त्या कितीही महागाच्या असोत. आपण एक इलेक्ट्रॉनिक उपकरण विकत घेतले, पण घेताना ते बल्बसारखे घेतले, म्हणजे वॅट, भाव आणि डब्यावरचा आकडा एवढेच पाहून. ही चूक आपली एकट्याची नाही. बाजारच तशा पद्धतीने माल विकतो.

आधी त्या ५०,००० तासांबद्दल, कारण गैरसमजाची सुरुवात तिथून होते. एलईडी सहसा एकाएकी विझत नाही, तो हळूहळू मंदावतो. म्हणून त्याचे आयुष्य मोजताना प्रकाश मूळच्या ७० टक्क्यांपर्यंत उतरायला किती तास लागतात ते पाहतात. त्याला एल७० म्हणतात. ५०,००० तास म्हणजे दिवसरात्र चालू ठेवले तरी साडेपाच वर्षांहून अधिक काळ, आणि इतकी वर्षे चाचणी घेऊन मग माल बाजारात आणायला कोणाला सवड नसते. त्यामुळे एलएम-८० या पद्धतीने एलईडीचे नमुने ठरलेल्या तापमानांवर किमान ६,००० तास चालवतात, मधूनमधून प्रकाश मोजतात, आणि टीएम-२१ या सूत्राने पुढचा अंदाज बांधतात. त्या सूत्राला मर्यादा आहे: वीस किंवा त्याहून जास्त नमुने तपासले असतील तरी प्रत्यक्ष चाचणीच्या सहापटीपलीकडचा दावा करता येत नाही. म्हणजे ६,००० तासांच्या चाचणीवर फार तर ३६,००० तास म्हणता येतात. ज्याच्या डब्यावर ५०,००० आहेत त्याच्याकडे निदान साडेआठ हजार तासांच्या आसपासचा चाचणी अहवाल असायला हवा. तो मागितला की बरेच विक्रेते विषय बदलतात.

पण अहवाल खरा असला तरी त्यात काय तपासले गेले हे पाहावे लागते. त्या चाचणीत एलईडीचा तुकडा तेवढा असतो. त्यात ड्रायव्हर नसतो, ट्यूबची नळी नसते, सोल्डरचे जोड नसतात आणि आपल्या कार्यशाळेचे तापलेले छतही नसते. म्हणजे छापलेला आकडा हा संपूर्ण दिव्यातल्या सर्वांत कणखर भागाचा आकडा आहे, आणि दिवा बंद पडतो तो सर्वांत कच्च्या भागामुळे.

हा कच्चा भाग बहुतेक वेळा ड्रायव्हर असतो. एसी पुरवठ्याचे ठरावीक डीसी प्रवाहात रूपांतर करणारी ती छोटी पाटी. तिच्यावर एक इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर असतो, त्याच्या आत द्रव असतो, आणि तो द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो. या कॅपॅसिटरबाबत आमच्या धंद्यात एक ढोबळ नियम वापरतात: तापमान दहा अंश सेल्सियसने उतरले की आयुष्य साधारण दुप्पट. समजा कॅपॅसिटरवर १०५ अंश आणि ५,००० तास असे लिहिले आहे. त्याच्या भोवतीचे तापमान ७५ अंश राहिले तर तो ४०,००० तास चालावा, ८५ वर २०,००० आणि ९५ वर १०,०००. स्वस्त मालात याच जागी २,००० तासांचा कॅपॅसिटर बसवलेला असतो, आणि तो ८५ अंशांवर ८,००० तासांत आपले काम संपवतो. आपण दिवसाला बारा तास आणि वर्षाला तीनशे दिवस दिवे वापरत असाल, तर वर्षाला ३,६०० तास होतात. ८,००० भागिले ३,६०० म्हणजे सव्वादोन वर्षे. आपल्या ट्यूब नेमक्या कधी बंद पडू लागल्या ते या हिशेबाशी ताडून पाहा. एलईडी स्वतः त्या वेळी अजून तरुण असतो.

आता हे ८५ अंश येतात कुठून, असे आपण विचाराल. एलईडी थंड चालतो हा समज अर्धाच खरा आहे. फिलॅमेंटचा बल्ब आपली बहुतेक उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने समोर फेकून मोकळा होतो. एलईडीच्या प्रकाशात अवरक्त किरण जवळजवळ नसतात, म्हणून त्याच्या समोर हात धरला तर गरम लागत नाही. पण जी उष्णता निर्माण होते ती मागच्या बाजूने, पाटीतून आणि ॲल्युमिनियममधून, वाहून न्यावी लागते. (बर्फाळ प्रदेशांत वाहतुकीच्या सिग्नलमध्ये एलईडी आले तेव्हा भिंगावर साचलेला बर्फ वितळेनासा झाला होता, ते याच कारणाने.) आपल्या ट्यूबमध्ये ड्रायव्हर टोकाच्या टोपणात कोंबलेला असतो. ती ट्यूब वरून बंद, खालून डिफ्युझर (प्रकाश पसरवणारे झाकण) लावलेल्या पट्टीत बसवली आणि पट्टी पत्र्याच्या छताला टेकलेली असली, तर ड्रायव्हरला हवाच मिळत नाही.

तरीही सगळे खापर उष्णतेवर फोडू नका. मी पहिल्यांदा काय करतो ते सांगतो. जागेचा साधा नकाशा काढतो आणि बंद पडलेल्या प्रत्येक दिव्यावर फुली मारतो. फुल्या सगळीकडे विखुरलेल्या असतील, तर दोष बहुधा मालात, म्हणजे हलक्या कॅपॅसिटरमध्ये किंवा सोल्डरमध्ये असतो. त्या बंद पट्ट्यांमध्ये किंवा भट्टीच्या, कॉम्प्रेसरच्या वरच्या रांगेत गोळा झाल्या असतील, तर उष्णता. एकाच फेजवर किंवा एकाच सर्किटवर असतील, तर पुरवठा. आणि मोठ्या मोटारी किंवा वेल्डिंगची यंत्रे ज्या पॅनेलवर आहेत त्याच पॅनेलवरचे दिवे जात असतील, तर व्होल्टेजचे क्षणिक उसळणे. यासाठी कागद, पेन्सिल आणि अर्धा तास एवढेच लागते, पण मला बोलावण्याआधी हे कोणी केले आहे असे क्वचितच आढळते.

एका गोदामाचे उदाहरण सांगतो. तिथे दीडशे दिवे होते आणि दोन पावसाळ्यांत चाळीस गेले. मालकाने दोनदा पुरवठादार बदलला, तरी दिवे जातच राहिले. नकाशा काढल्यावर दिसले की बंद पडलेले जवळपास सगळे दिवे एकाच फेजवर होते. वितरण पॅनेलमध्ये न्यूट्रलचा जोड सैल झाला होता आणि ओलावा आला की तो अधूनमधून सुटत होता. तीन फेजच्या व्यवस्थेत न्यूट्रल सुटला की ज्या फेजवर भार कमी तिच्यावर व्होल्टेज २३० च्या खूप वर चढते. वाईटात वाईट स्थितीत ते ४०० च्या दिशेने जाते. बहुतेक ड्रायव्हर २६५ किंवा ३०० व्होल्टपर्यंतच सोसतात. जुन्या चोकमध्ये तांब्याची गुंडाळी आणि लोखंड असे, ते असले धक्के काही काळ अंगावर घेत असे, म्हणून दोष आधीपासून असूनही कोणाच्या लक्षात आला नव्हता. एक जोड घट्ट केला, पॅनेलवर सर्ज संरक्षक, म्हणजे व्होल्टेजची उसळी अडवणारे उपकरण, बसवला, आणि प्रश्न मिटला. दोन पुरवठादार मात्र विनाकारण बदनाम झाले.

कार्यशाळेत आणखी एक शक्यता असते आणि ती फसवी आहे, म्हणून नोंदवून ठेवतो. एलईडीच्या आत, चिपच्या खाली, प्रकाश परावर्तित करण्यासाठी चांदीचा मुलामा असतो. हवेत गंधकयुक्त वायू असतील तर ते सिलिकोनच्या आवरणातून आत शिरतात आणि चांदी काळी पडते. मी एका ठिकाणी रबराचा माल साठवलेल्या खोलीत असे दिवे पाहिले: एकही बंद नव्हता, वीजही नेहमीइतकीच घेत होते, पण आठ महिन्यांत प्रकाश निम्म्याच्या खाली गेला होता. कधीकधी दोषी असतो तो दिव्याच्याच झाकणातला रबरी गॅस्केट. आपल्याकडे रबर, काही प्रकारची तेले किंवा मुलामा देण्याची रसायने असतील, तर पुरवठादाराला हे आधी सांगा. डब्यावर याविषयी काहीच लिहिलेले नसते.

लुकलुकण्याकडे वळतो. हा आपल्यासाठी केवळ त्रासाचा भाग नाही, कार्यशाळा असल्यामुळे सुरक्षेचाही आहे. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर निकृष्ट ड्रायव्हरचा दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो. डोळ्यांना ते थेट जाणवत नाही, पण मिनिटाला ३,००० फेरे घेणारा लेथचा चक त्या प्रकाशात स्थिर उभा असल्यासारखा दिसू शकतो. जुन्या चोकच्या ट्यूबबाबतही हे होतेच. म्हणून जाणती माणसे शेजारच्या पट्ट्या वेगवेगळ्या फेजवर टाकत. आयईईई १७८९ हे २०१५ चे मार्गदर्शक मानक १०० हर्ट्झला प्रकाशातला चढउतार ८ टक्क्यांच्या आत ठेवावा असे सुचवते, म्हणजे धोका कमी राहतो. युरोपच्या नियमांत यासाठी दोन वेगळी मोजमापे आहेत: डोळ्यांना दिसणाऱ्या लुकलुकीसाठी एक, आणि फिरत्या वस्तू स्थिर भासण्याच्या परिणामासाठी दुसरे. खरेदीच्या कागदांत ही दोन्ही मागता येतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यावर आडवे पट्टे दिसले तर शंका घ्यायला हरकत नाही, पण तो पुरावा नव्हे.

इथे एक गंमत आहे, आणि बाजाराचा सध्याचा कलही तिच्यातून कळतो. कॅपॅसिटर हा कच्चा भाग, म्हणून काही उत्पादकांनी तो काढूनच टाकला. एलईडीच्याच पाटीवर एक साधी चिप बसवून ड्रायव्हरचे काम भागवायचे. अशा दिव्यांना बाजारात डीओबी म्हणतात. ते स्वस्त पडतात, आणि सुकणारा भागच नसल्यामुळे एका अर्थाने टिकाऊही असतात. पण कॅपॅसिटर काढला की पुरवठ्याचा चढउतार सरळ प्रकाशात उतरतो. जिना, माळा, साठवणीची खोली अशा जागी मी असे दिवे बिनदिक्कत बसवतो. फिरत्या यंत्रावर किंवा आठ तास वाचन-लेखन होते त्या टेबलावर कधीही नाही. ‘चांगला एलईडी कोणता’ या प्रश्नाला मी सरळ उत्तर देत नाही ते यामुळेच. कुठे लावायचा ते आधी सांगावे लागते.

तीव्र लुकलुक, म्हणजे डोळ्यांना स्पष्ट दिसणारी, असेल तर कारण निराळे: ड्रायव्हर मरणपंथाला लागला आहे, होल्डर सैल आहे, किंवा जुना चोक अजून मध्येच आहे आणि ट्यूब त्याच्याशी जुळणारी नाही. होल्डर आणि चोक आधी तपासा, ते फुकटात होते.

एमसीबी पडण्याबाबत सहकारी चक्रावले असतील, कारण भार तर कमी झाला आहे. हिशेब करून पाहा: १८ वॅटच्या चाळीस ट्यूब म्हणजे ७२० वॅट, २३० व्होल्टवर तीन अँपिअरहून किंचित अधिक, १६ अँपिअरचा एमसीबी पडायचे कारणच नाही. पण दिवा लागताना ड्रायव्हरमधला रिकामा कॅपॅसिटर क्षणार्धात भरतो आणि त्या मिलिसेकंदाच्या अंशात प्रत्येक ड्रायव्हर कितीतरी पट अधिक प्रवाह ओढतो. चाळीस ड्रायव्हर एकाच बटणावर असले तर ते सगळे त्याच क्षणी ओढतात, आणि बी प्रकारचा एमसीबी नेमप्लेटवरच्या प्रवाहाच्या तीन ते पाचपटीलाच झटक्यात सुटतो. सी प्रकार पाच ते दहापटीला सुटतो, म्हणून बऱ्याच ठिकाणी तेवढ्या बदलाने काम भागते. मात्र तारेची जाडी आणि अर्थिंग त्याला पुरेसे आहे का हे परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून तपासून घ्या, स्वतः बदलू नका. त्याहून सरळ उपाय म्हणजे दिवे दोन-तीन बटणांवर विभागणे. चांगल्या ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात कोणत्या एमसीबीवर किती नग चालतील याचा तक्ता असतो. तसा तक्ताच नसेल तर त्या मालाबद्दल माझे मत प्रतिकूल होते.

याच ओघात, जुन्या पट्ट्यांमध्ये पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतली किती प्रत्यक्ष कामी येते याचे प्रमाण) सुधारणारे छोटे कॅपॅसिटर असतात. चोक काढताना तेही काढायला सांगा. पाचशे पट्ट्यांत ते तसेच राहिले तर पॉवर फॅक्टर उलट्या बाजूला झुकतो.

आता थांबण्याचा प्रश्न. २००० साली रोलंड हाइट्झ यांनी एक निरीक्षण मांडले होते, ते पुढे हाइट्झचा नियम म्हणून ओळखले गेले: दर दशकात एलईडीच्या प्रत्येक ल्युमेनचा (ल्युमेन हे प्रकाश मोजण्याचे एकक) खर्च दहापटीने उतरतो आणि एका पॅकेजमधून, म्हणजे एका तयार एलईडीच्या तुकड्यातून, मिळणारा प्रकाश वीसपटीने वाढतो. त्या काळात थांबणाऱ्याचा खरोखर फायदा होत असे. शुजी नाकामुरा यांनी १९९३ च्या सुमारास तेजस्वी निळा एलईडी दाखवला, त्यातून पांढरा प्रकाश शक्य झाला, आणि नाकामुरा, अकासाकी व अमानो यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळेपर्यंत तो दिवा प्रयोगशाळेतून घराघरांत पोहोचला होता. पण तो वेग आता राहिलेला नाही आणि त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण भौतिकशास्त्राचे. फिलॅमेंटचा बल्ब प्रतिवॅट सुमारे १५ ल्युमेन देत असे. १,५०० ल्युमेनसाठी १०० वॅट लागत. १०० ल्युमेन प्रतिवॅटच्या एलईडीने तेच काम १५ वॅटमध्ये झाले, म्हणजे ८५ वॅट वाचले. उद्या २०० ल्युमेन प्रतिवॅटचा दिवा सर्रास मिळू लागला तर १५ चे साडेसात होतील. बचत साडेसात वॅटची. निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा थर देऊन पांढरा प्रकाश करण्याची जी आजची पद्धत आहे तिच्यात रंग बदलतानाच काही ऊर्जा उष्णता होऊन जाते, त्यामुळे तिची कमाल पातळीही फार दूर नाही. उत्तम पॅकेजे आजच २०० च्या पुढे आहेत. मोठी बचत होऊन गेली आहे. उरली ती चिल्लर.

दुसरे कारण किमतीच्या घडणीचे. संपूर्ण दिव्याच्या खर्चात आता एलईडी चिपचा वाटा लहान झाला आहे. बाकी ॲल्युमिनियम, तांबे, प्लॅस्टिक, ड्रायव्हर, मजुरी आणि वाहतूक. यांचे भाव दशकात दहापटीने उतरत नाहीत. याउपर डब्याची किंमत आणखी उतरलेली दिसली, तर बहुधा आतून काहीतरी काढलेले असते: हीटसिंक (उष्णता वाहून नेणारा धातूचा भाग) पातळ केलेला, सर्ज संरक्षण वगळलेले, किंवा कमी एलईडी घेऊन त्यांतून जास्त प्रवाह रेटलेला. असा प्रवाह वाढवला की एलईडीची कार्यक्षमताही घटते आणि तापमानही चढते. ‘माल सुधारला आहे’ हे विक्रेत्याचे वाक्य वरच्या दर्जासाठी खरे आहे. तळाच्या मालाबाबत माझा अनुभव असा की पाच वर्षांपूर्वीचा जड दिवा आजच्या हलक्या दिव्यापेक्षा जास्त टिकला.

मग थांबण्याची किंमत मोजा. ३६ वॅटची फ्लुरोसंट ट्यूब चोकसकट साधारण ४५ वॅट घेते. तिच्या जागी १८ वॅटची एलईडी आली तर २७ वॅट वाचतात. वर्षाच्या ३,६०० तासांना ते ९७ युनिट होतात, आणि पाचशे ट्यूबचे मिळून ४८,६०० युनिट. आपल्या विजेच्या दराने याला गुणा. तेवढी रक्कम आपण प्रत्येक वर्षी थांबण्यासाठी देत आहात. भाव तेवढे उतरतील असे सहकाऱ्यांना वाटते का, हे त्यांनाच विचारा. आपल्याकडे दिवे दिवसातून तीनच तास लागत असतील, तर हा आकडा चौथाईवर येईल आणि घाईची गरज तितकीच कमी होईल. हे संपूर्णपणे आपल्या वापरावर अवलंबून आहे.

थांबण्याला बाहेरूनही मर्यादा पडत आहेत. युरोपने टी५ आणि टी८ ट्यूब बाजारात आणणे २०२३ च्या ऑगस्टमध्ये बंद केले. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी त्याच वर्षी सरळ फ्लुरोसंट ट्यूबचे उत्पादन, आयात आणि निर्यात २०२७ पर्यंत थांबवण्याचे ठरवले. जुना साठा काही काळ मिळत राहील, पण नेमकी हवी ती ट्यूब हवी तेव्हा मिळणार नाही, आणि घाईत केलेली खरेदी कशी असते याचा अनुभव आपल्याला आहेच.

बाजारातला आणखी एक बदल आपल्याशी थेट संबंधित आहे. दिवा वारंवार बदलावा लागतो या गृहीतावर शंभर वर्षे उभा असलेला धंदा दिवा टिकू लागल्यावर डळमळला. फिलिप्सने आपला प्रकाशविभाग २०१६ मध्ये वेगळा काढला आणि तो पुढे सिग्निफाय झाला. ओसरामने दिव्यांचा व्यवसाय लेडव्हान्स नावाने वेगळा करून विकला. जनरल इलेक्ट्रिकने घरगुती दिव्यांचा व्यवसाय २०२० मध्ये विकून टाकला. यात कोणाचे काही चुकले असे मी म्हणत नाही. मुद्दा इतकाच की डब्यावरचे ओळखीचे नाव आणि आतला माल घडवणारा हात हे आता एकच असतील असे नाही, आणि पाच वर्षांची हमी देणारा पाच वर्षांनी त्याच धंद्यात असेल का, हाही हमीचाच एक भाग झाला आहे. मॉडेल तर दोन-तीन वर्षांतच बदलतात. त्यामुळे मी प्रत्येक मोठ्या खरेदीत पाच टक्के नग त्याच बॅचचे जादा घेऊन ठेवतो. नाहीतर पुढे बदललेला दिवा शेजारच्यापेक्षा पिवळा किंवा निळसर दिसतो आणि कार्यालयातले लोक छताकडेच पाहत बसतात.

यावरून आपल्यासाठी माझे मत असे की पाचशे एकदम घेऊ नयेत आणि अनिश्चित काळ थांबूही नये. कार्यशाळेत नुसत्या ट्यूब बदलण्याऐवजी पूर्ण फिटिंग घ्यावे, ज्यात ड्रायव्हर वेगळा असेल आणि तो स्क्रू काढून बदलता येईल. सुरुवातीचा खर्च वाढतो, पण ड्रायव्हर गेला तर ड्रायव्हरच बदलावा लागतो. युरोपच्या २०२१ पासून लागू झालेल्या नियमांचा रोखही असा आहे की प्रकाशस्रोत आणि ड्रायव्हर न तोडता बदलता यावेत. कार्यालयात पट्ट्या चांगल्या स्थितीत असतील, छत थंड असेल, तर चोक काढून थेट पुरवठ्यावर चालणाऱ्या ट्यूब पुरेशा आहेत. मात्र अशा प्रत्येक पट्टीवर ‘चोक काढलेला आहे, फ्लुरोसंट ट्यूब लावू नये’ अशी ठळक चिठ्ठी चिकटवा, आणि एकाच इमारतीत चोकवर चालणाऱ्या आणि थेट चालणाऱ्या अशा दोन जातींच्या ट्यूब मिसळू नका. तीन वर्षांनी शिडीवर चढणारा माणूस वेगळा असेल आणि त्याला हा इतिहास माहीत नसेल.

आणखी एक गोष्ट, वॅटवर न जाता ल्युमेनवर जा. ३६ वॅटची चांगली फ्लुरोसंट ट्यूब नवी असताना ३,२०० च्या आसपास ल्युमेन देते. १८ वॅटची एलईडी साधारण २,००० देते. एलईडीचा प्रकाश खालच्याच दिशेला पडत असल्यामुळे प्रत्यक्षात फरक इतका जाणवत नाही, पण उंच छताच्या कार्यशाळेत तो जाणवतो. आपल्या शंभर ट्यूबखाली आणि जुन्या ट्यूबखाली कामाच्या टेबलाच्या उंचीवर लक्समीटर (पडणारा प्रकाश मोजणारे यंत्र) धरून दोन्ही आकडे लिहून ठेवा.

सेन्सर आणि मोबाइलवरून चालणारे दिवे यांचा सध्या बराच बोलबाला आहे. बोळ आणि साठवणीच्या खोलीत हालचाल ओळखणारा सेन्सर खरोखर वीज वाचवतो. बाकीच्यासाठी, एकाच कंपनीच्या ॲपवर छतभर दिवे अवलंबून ठेवण्यापेक्षा दिव्यांच्या नियंत्रणाचे डालीसारखे खुले मानक घ्यावे; त्याच्या एका वाहिनीवर ६४ ड्रायव्हर बसतात आणि वेगवेगळ्या उत्पादकांचे चालतात. फिरत्या यंत्रांच्या वर मात्र हालचालीचा सेन्सर लावू नका.

खरेदीपूर्वी दोन पुरवठादारांकडून प्रत्येकी दहा नग आणून कार्यशाळेतल्या सर्वांत गरम रांगेत लावा. तीन तास चालल्यावर ड्रायव्हरच्या अंगावर ‘टीसी’ असे लिहिलेल्या बिंदूचे तापमान थर्मोकपलने (तापमान मोजणाऱ्या तारेने) मोजा आणि तिथे छापलेल्या कमाल आकड्याशी ताडून पाहा. कमाल आकड्याच्या पंधरा-वीस अंश खाली राहिला तर निश्चिंत व्हा. टेकला असेल तर तो दिवा आपल्या छतासाठी नाही, मग त्याची हमी कितीही वर्षांची असो.

आणि त्या अठ्ठावीस ट्यूब अजून फेकल्या नसतील तर फेकू नका. वेगवेगळ्या रांगांतल्या पाच-सहा निवडा, पट्टीतून काढून टेबलावर घ्या आणि टोकाची टोपणे उघडा. कॅपॅसिटरचे डोके फुगलेले असेल तर उष्णता किंवा हलका माल. गोल चकतीसारखा, बहुधा निळा किंवा पिवळा असलेला व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज अंगावर घेणारा भाग) जळून फुटला असेल तर पुरवठ्यातले व्होल्टेज. ड्रायव्हर शाबूत असून एखाद्या एलईडीच्या मधोमध काळा ठिपका दिसत असेल तर तो एकच एलईडी जळाला आणि एकामागोमाग जोडलेली सगळी रांग विझली. काय दिसले आणि नकाशावर फुल्या कुठे पडल्या, हे दोन्ही कळवा. त्यानंतर कोणते फिटिंग घ्यावे याबद्दल मी जास्त नेमके सांगू शकेन.